कोयत्याचा मालक कोण?

(पंढरपूर येथे ऊस उत्पादक आणि कामगार कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्तिकी एकादशी सरते, दिंड्या आपापल्या गावी परततात आणि त्याच सुमारास पंढरपूर तालुक्यात दुसरी माणसे येऊन उतरतात. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतील ही माणसे बैलगाडीने, ट्रॅक्टरने, मालमोटारीने येतात. कारखान्याच्या तळावर किंवा माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. उजनीच्या पाण्याने भीमाकाठी ऊस फुलविला, उसाने कारखाने उभे केले. पण तो ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत पोहोचतो तो या माणसांच्या कोयत्याने. महाराष्ट्रात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात सांगितली जाते.

या माणसांचा मालक कोण, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न साधा दिसतो. उत्तर मात्र कोणीच देत नाही. कारखान्याला विचारावे, तर कारखाना वाहतूक ठेकेदाराशी झालेला करार पुढे करतो. ठेकेदार म्हणतो, मजूर मुकादमाने आणले. मुकादम स्वतःच्या डोक्यावरचे कर्ज दाखवितो आणि म्हणतो, आपणही मजुरांपैकीच. ऊस ज्याचा तो शेतकरी म्हणतो, तोडणी कारखान्याची, आपल्या बिलातून तिचा खर्च कापून जातो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कागदापुरते खरे आहे. सर्वांचे म्हणणे एकत्र केले, तर मात्र महाराष्ट्रातील एवढा मोठा श्रमिकवर्ग कोणाचीच चाकरी करीत नाही, असा अजब निष्कर्ष निघतो.

अमेरिकेतील वाद

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत तो गेली ऐंशी वर्षे चालू आहे. तेथे त्याचे रूप असे : काम करणारा माणूस नोकर की स्वतंत्र कंत्राटदार? नोकर ठरला, तर किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, अपघाताची भरपाई आणि संघटनेचा हक्क त्याला मिळतो. कंत्राटदार ठरला, तर यांपैकी काहीच नाही. तो आपला आपण व्यापारी.

१९४४ साली लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकणाऱ्यांचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. हर्स्ट कंपनीचे म्हणणे असे की, हे विक्रेते स्वतंत्र आहेत. अंक घेतात, विकतात, फरक खिशात घालतात. न्यायालयाने कराराच्या शब्दांपेक्षा आर्थिक वस्तुस्थिती पाहिली आणि त्यांना नोकर ठरविले. परंतु भांडवलदारांचे वजन न्यायालयापुरते थांबत नसते. १९४७ साली टाफ्ट-हार्टले कायदा झाला आणि कामगार संघटनांच्या कायद्यातून स्वतंत्र कंत्राटदार स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. शेतमजुरांना तर १९३५ च्या मूळ कायद्यातच स्थान नव्हते.

कॅलिफोर्नियातील एक प्रकरण पंढरपूरकरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बोरेलो नावाच्या शेतमालकाने काकडीची तोडणी करणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांकडून कागद लिहून घेतले होते. त्या कागदांत त्यांना मजूर न म्हणता वाटेकरी म्हटले होते. मालाच्या किमतीचा अर्धा वाटा त्यांचा, कामाचे तास त्यांच्या मर्जीचे, देखरेख नाही. मग ते नोकर कसे, असा मालकाचा युक्तिवाद होता. १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जमीन मालकाची, पीक मालकाचे, बाजार मालकाने ठरविलेला. तोडणाऱ्याजवळ हातापलीकडे भांडवल नाही. काम असे सोपे आणि ठरलेले असेल की देखरेखीची गरजच पडू नये, तर देखरेख नसणे हा स्वातंत्र्याचा पुरावा कसा होऊ शकेल? न्यायालयाने त्या कुटुंबांना अपघात-भरपाईच्या कायद्याखाली नोकर मानले.

पुढे २०१८ साली त्याच न्यायालयाने डायनामेक्स प्रकरणात पुराव्याचा भार उलटा केला. काम करणारा नोकरच समजावा. तो स्वतंत्र आहे असे म्हणणाऱ्याने तीन गोष्टी सिद्ध कराव्यात. पहिली, त्याच्यावर आपले नियंत्रण नाही. दुसरी, त्याचे काम आपल्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे. तिसरी, त्याचा स्वतःचा खराखुरा स्वतंत्र व्यवसाय आहे. २०१९ साली या कसोटीचा कायदा झाला. तेव्हा मोबाइलवरून टॅक्सी पुरविणाऱ्या कंपन्यांनी वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च करून २०२० च्या नोव्हेंबरात जनमत घेतले आणि आपल्या चालकांना त्या कायद्यातून वगळून घेतले. २०२४ साली न्यायालयाने ते जनमत वैध ठरविले. तात्पर्य एवढेच की, मालक कोण हा प्रश्न शब्दकोशाचा नाही. तो बळाचा आहे आणि म्हणून राजकारणाचा आहे.

मिठागर आणि विडी

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार झाला नाही असे मात्र नाही. कच्छच्या छोट्या रणातील मिठागरांवर काम करणाऱ्या आगरियांचे प्रकरण १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. आगरिया हंगामापुरता येई. त्याला वाफा नेमून दिला जाई, सुरुवातीला उचल मिळे आणि मिठाच्या वजनावर पैसे मिळत. तो बायकामुलांना आणि स्वतःच्या मदतनिसांना हाताशी घेई. कामाचे तास ठरलेले नव्हते. पावसाळा आला की तो गावी परते. धांगध्रा केमिकल वर्क्सने म्हटले, हे सारे स्वतंत्र कंत्राटदार. न्यायालयाने म्हटले, तो स्वतः अंगमेहनत करतो आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची माणसे त्याच्यावर देखरेख ठेवतात. तो मदतनीस घेतो किंवा वजनावर मजुरी घेतो, एवढ्याने त्याचे कामगारपण जात नाही. या वर्णनातील मिठाच्या जागी ऊस घालून पाहावा. किती शब्द बदलावे लागतील?

विडीच्या धंद्यात मात्र निकाल उलटसुलट लागले. १९५८ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आणि त्यांनी आणलेले मजूर कारखान्याचे कामगार नव्हेत, असे ठरले. १९६० साली नागपूरच्या प्रकरणात कारखान्यात बसून विडी वळणारा कामगार ठरला. लगेच पुढच्या महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात, विडी वळणारा वाटेल तेव्हा येतो आणि वाटेल तेव्हा जातो म्हणून तो कामगार नाही, असे बहुमताने ठरले. तंबाखू तीच, पान तेच, हातही तसेच. कायदा मात्र एकाला ओळखतो आणि दुसऱ्याला ओळखत नाही.

हा गोंधळ न्यायालयाने मिटविला नाही. तो संसदेने मिटविला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार म्हटले आणि मधल्या ठेकेदाराच्या आडून मुख्य मालकाला जबाबदारी टाळता येणार नाही अशी तरतूद केली. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १९८५ साली घरखेप विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधीही लागू आहे, असा निर्णय झाला.

याचे फळ पाहण्यास दूर जावे लागत नाही. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विडी वळतात. कंपनीच्या शाखेतून पान-तंबाखू आणावयाची, वळलेल्या विड्या तेथेच मोजून द्यावयाच्या. त्यांची मजुरी पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्याजवळ कामगार म्हणून ओळखपत्र आहे. त्या ओळखीच्या आधारावर त्यांनी आणि त्यांच्या संघटनेने लढून कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. विडी कामगारांचा कल्याण उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या वेळी बंद झाला, हा भाग वेगळा. पण कायद्याने ओळखलेल्या बाईला घर मागता आले. सोलापूरहून पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यालगतच्या फडात कोयता चालविणारीला ते मागता येत नाही, कारण ती कोणाचीच कामगार नाही.

वस्तुस्थितीची परीक्षा

ऊसतोडणीची वस्तुस्थिती आता एकेक कसोटीवर घासून पाहावी. कोणत्या गावी जावयाचे, कोणत्या शेतात कोणत्या दिवशी शिरावयाचे, हे कोण ठरवितो? कारखान्याचे शेतकी खाते ठरविते. त्याचा चिटबॉय चिठ्ठी आणतो, तेव्हाच कोयता चालतो. ऊस किती बुडापासून तोडावा, वाढे कोठवर छाटावे, पाचट किती राहू द्यावे, याचे नियम कोणाचे? कारखान्याचे. वजन कोणाच्या काट्यावर होते? कारखान्याच्या. गाडी गव्हाणीपाशी रात्रभर उभी ठेवावयाची की आधी घ्यावयाची, हे कोण ठरवितो? तोही कारखानाच. अनेक ठिकाणी बैल ओढतात ती टायरगाडीसुद्धा कारखान्याची असते आणि तिचे भाडे मजुरीतून कापले जाते.

आणि दर? तोडणीचा दर मुकादम ठरवीत नाही, मजूरही ठरवीत नाही. तो राज्यपातळीवर साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या वाटाघाटींत, पुढाऱ्यांच्या लवादाने ठरत आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अशाच बैठकीत ३४ टक्के दरवाढ ठरली. मुकादमाचे कमिशनही तेथेच ठरते. येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. कारखाने जर मालक नव्हेत, तर ते मजुरीच्या वाटाघाटीस कोणत्या नात्याने बसतात? आणि मुकादम जर स्वतंत्र व्यापारी असेल, तर त्याचा नफा दुसऱ्यांच्या बैठकीत कसा ठरतो?

१९७८ साली केरळातील एका दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हीच दृष्टी मांडली. मधे कितीही ठेकेदार उभे असोत. ज्याच्या धंद्यासाठी श्रम होतात आणि ज्याने हात आखडता घेतला की मजुराची चूल विझते, तोच खरा मालक, असे त्या निर्णयाचे सार आहे. पुढे २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय कंत्राटी कामगारांच्या बाबतीत बरेच मागे सरले, हेही नमूद केले पाहिजे. न्यायालयाच्या एका निर्णयावर विसंबून राहू नये, हाच त्याचा धडा.

कायद्याच्या फटी

कायदे नाहीत असे नाही. पण ऊसतोड्या नेमका त्यांच्या फटीत पडतो. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे. बीडचा मजूर कर्नाटकात गेला तर तो स्थलांतरित. पंढरपूरला आला तर नाही. वास्तविक पाचटाची कोपी दोन्हीकडे सारखीच. १९७० च्या मूळ कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराला २० मजुरांपासून परवाना लागे. बारा कोयत्यांची टोळी म्हणजे चोवीस माणसे. ती त्यात बसली असती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेने तो आकडा ५० केला. टोळी पुन्हा बाहेर राहिली.

अपघाताची तरतूद तर सर्वांत बोलकी आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने एक शहाणपणाचे तत्त्व घालून दिले होते. आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम कोणी ठेकेदाराकडून करून घेतले, तरी जखमी मजुराची भरपाई मूळ मालकाने द्यावी. परंतु त्याच कलमाच्या शेपटीस अट होती की, अपघात मालकाच्या आवारात किंवा त्याच्या ताब्यातील जागेत झालेला असावा. ऊसतोड्याला साप चावतो तो शेतकऱ्याच्या फडात. त्याची गाडी उलटते ती सार्वजनिक रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात. दोन्ही जागा कारखान्याच्या नव्हेत. मजुराचे मरण कोणत्या सर्व्हे नंबरात झाले, यावर त्याच्या विधवेची भाकरी अवलंबून राहते.

विधवा म्हणताना आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाईचे नाव कोणत्याच वहीत नाही. पहाटे स्वयंपाक करून फडात जाणारी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणारी ही स्त्री कायद्याच्या लेखी अर्धा कोयता आहे. एक दिवस खाडा झाला तर त्याची कपात होते. मग पाळीच्या आजाराला रजा कोठून? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामगार म्हणून नाव नसणे याचा अर्थ शरीराच्या भाषेत हा असा होतो.

अवघड प्रश्न

दुसरी बाजू टाळून चालणार नाही. विशेषतः पंढरपुरात, जेथे या सभेतील अनेकजण स्वतः कारखान्याचे सभासद आहेत. त्यांचा आक्षेप असा की, तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या उसाच्या भावातून कापला जातो. कारखान्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचा बोजा पडला, तर तो फिरून शेतकऱ्याच्याच माथी येईल. दोन एकर उसाच्या धन्याने मजुराचा मालक व्हावे काय? हा आक्षेप ढोंगी नाही. वाहनमालकांचे दुःखही खोटे नाही. कर्ज काढून लाखोंची उचल द्यावी आणि टोळी आलीच नाही, असे सोलापूर जिल्ह्यातील कितीतरी तरुणांच्या वाट्याला आले आहे.

परंतु या दुःखाचे मूळ कोठे आहे? मजुराशी सरळ नोकरीचे नाते जोडावयाचे नाही म्हणून मध्ये उचलीचा दोर बांधला गेला. हा दोर मजुराला बांधतो, मुकादमाला बांधतो आणि ट्रॅक्टरवाल्यालाही बांधतो; मोकळा राहतो तो फक्त कारखाना. मजुराची नोंद असती, मजुरी थेट त्याच्या व त्याच्या पत्नीच्या खात्यात जमा होत असती, तर उचल बुडविणारा मुकादम उभाच राहिला नसता. साखरेबरोबर मळी, मद्यार्क, इथेनॉल आणि वीज यांचेही उत्पन्न घेणारा उद्योग तोडणाऱ्याच्या विम्याने बुडेल, हे म्हणणे शेतकऱ्याने पडताळून पाहावे. कारखान्याचा ताळेबंद मागण्याचा हक्क सभासदालाच आहे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. मजूर यंदा या कारखान्यावर, पुढल्या वर्षी दुसऱ्या. तो कोणाचा बांधलेला नोकर नाही, असे म्हणतात. खरे आहे, पण उचल फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही, हेही खरे आहे. कामगाराचे हक्क मागताना त्याला स्वतंत्र म्हणावयाचे आणि तो निघून जाऊ लागला की ऋणको म्हणून अडवावयाचे, असा हा न्याय आहे.

वाट कोणती

येथे पंढरपूरचाच एक दाखला उपयोगी पडेल. विठ्ठल मंदिरातील बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे पिढीजात हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द झाले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या वादावर पडदा पडला. शतकानुशतके चालत आलेले नाते कायद्याने बदलले आणि पूजा पगारी सेवकांकडे आली. देवाच्या दारातील नाते जर कायद्याने नव्याने लिहिता येते, तर कारखान्याच्या दारातील का येऊ नये?

वाटही महाराष्ट्राने पूर्वीच काढलेली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यापुढे हाच प्रश्न होता. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा, दुपारी दुसऱ्याचा. मग मालक कोण? कायद्याने या वादात न अडकता मंडळ स्थापन केले. हमालांची आणि व्यापाऱ्यांची नोंद मंडळात. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरणार. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपाई मंडळ पाहणार. कोणी नोकरीला ठेवलेले नसले तरी संमतीने काम करणारा माणूस कामगारच, असे त्या कायद्याने शब्दांत लिहिले. आज दिल्लीची संहिता मोबाइलवरील फेरीच्या कामगारांना नोकर-मालक नात्याच्या बाहेर बसवून कल्याणनिधीची भाषा करते. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले. त्यांतून वसतिगृहे उभी राहिली तर ती हवीतच. पण कल्याण ही देणगी आहे आणि मजुरी हा हक्क आहे. पहिलीने दुसऱ्याची जागा घेता कामा नये.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. ऊसतोडणीला माथाडीच्या धर्तीवर स्वतंत्र मंडळ हवे. प्रत्येक स्त्री-पुरुषाची वेगळी नोंद, वेगळे ओळखपत्र आणि वेगळे बँक खाते हवे. अर्धा कोयता हा शब्द हिशेबातून गेला पाहिजे. टनामागची मजुरी मंडळामार्फत जावी, उचलीची नोंद मंडळात व्हावी. तळावरून निघाल्यापासून तळावर परत येईपर्यंत झालेला कोणताही अपघात कामावरचा मानला जावा. आणि कारखान्याला जबाबदारी नाकारावयाची असेल, तर तोडणारा खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहे, हे कारखान्याने सिद्ध करावे. मजुराने आपले मजूरपण सिद्ध करीत फिरू नये.

यातील पहिले पाऊल मुंबईला किंवा दिल्लीला टाकावयाचे नाही. ते कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत टाकावयाचे आहे. ऊस उत्पादक सभासदाने तेथे उठून एवढाच ठराव मांडावा की, पुढल्या हंगामापासून तळावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे आणि प्रत्येक बाईचे नाव कारखान्याच्या वहीत लिहिले जावे. नाव लिहिले की नाते कबूल करावे लागते. आजवर ते लिहिले गेले नाही याचे कारणही हेच आहे. मंडळासाठी कायदा होण्यास वेळ लागेल. वही उघडण्यास एक सभा पुरे आहे.